कपाटाखालचा उजेड

कवळीकाका बोलताना माणसाच्या डोळ्यांत बघत नाहीत. जरा खाली बघतात. ओठांवर.

कोणी हसलं की त्यांची मान तिरकी होते. कोणी जांभई दिली की ते पुढे वाकतात.

लग्नाचा फोटो दाखवला तर नवरानवरी राहतात बाजूला. ते म्हणतात, "ह्या मागे उभ्या आहेत ना, त्यांचा सुळा काय सुंदर आहे."

बिस्कीट ते बाजूच्या दातांनी तोडतात. पुढे वरच्या ओळीत त्यांचा स्वतःचा एक दात नाही. काकू त्या जागेला खिडकी म्हणतात.

प्लास्टर कालवताना ते शीळ घालतात. शीळ त्या खिडकीतूनच येते.

फोनचा आवाज कायम बंद. हात मेणाने नाहीतर प्लास्टरने भरलेले असतात, मग तो वाजून उपयोग काय, असं त्यांचं म्हणणं.

एकही नंबर पाठ नाही. स्वतःचासुद्धा. कोणी विचारला तर फोनच त्याच्या हातात देतात. "यात असेल. बघून घ्या."

घराबाहेर पडताना खिसा चाचपतात. चाचपतात तो शर्टाचा. फोन ठेवतात पँटच्या.

त्या दिवशी ही शेवटची सवय आम्हाला महागात पडली. की स्वस्तात पडली? ते मला अजून ठरवता आलेलं नाही.

मी त्यांच्या वरच्या मजल्यावर भाड्याने राहते. साहित्यात पदवी घेतली आहे. नोकरी अजून कोणी दिलेली नाही. काका मला 'कवी' म्हणतात. मी एकही कविता केलेली नाही, हे सांगून उपयोग झाला नाही. निदान 'कवयित्री' म्हणा, असं मी एकदा म्हटलं. "एवढा लांब शब्द दाताखाली येतो," म्हणाले.

ते दातांच्या डॉक्टरांसाठी कवळ्या करतात. घराच्या मागच्या खोलीत. डॉक्टर रुग्णाच्या तोंडाचं माप पाठवतात, काका त्यावरून साचा करतात, मेणात दात बसवतात, मग पक्की कवळी होते आणि डबीतून परत जाते. रुग्ण त्यांना कधी दिसत नाही. शेल्फवर साच्यांच्या रांगा आहेत. पांढरे जबडे, एकमेकांना चिकटून. मी पहिल्यांदा ते पाहिले तेव्हा दारातच थांबले. काका म्हणाले, "ये, ये. चावत नाहीत."

त्या दिवसाआधी महिनाभर त्यांच्या टेबलावर एकच काम होतं. एका म्हाताऱ्या क्लॅरिनेटवाल्याचा वरचा जबडा.

क्लॅरिनेट वाजवताना त्याची तोंडात धरायची चोच वरच्या पुढच्या दातांना टेकवावी लागते. दात हलले की सूर हलला. पहिली कवळी वरच्या सुराला हलत होती. दुसरीही हलली. आजोबांनी दोन्ही परत पाठवल्या. डॉक्टरांकडून त्यांनी काकांचा नंबर मिळवला होता, आणि त्यावर ते वाजवलेलं पाठवत असत. एक संथ धून. चढत चढत जायची, वरच्या सुराला पोचायची आणि फिस्स. मग त्यांचा थकलेला आवाज. "ऐकलंत? इथे. इथेच मोडतं."

काका काम करता करता ते पुन्हा पुन्हा ऐकत. इतकं, की ती धून त्यांच्या शिळेत उतरली. पण तेवढीच. मोडते तिथपर्यंत. पुढचं त्यांनी कधी ऐकलंच नव्हतं. प्लास्टर कालवताना ते वरच्या सुराला जायचे आणि थांबायचे. मला वर माझ्या खोलीत ते ऐकू यायचं. शिंक येता येता राहावी तसं व्हायचं.

तिसरी कवळी आदल्या दिवशी झाली. त्या दिवशी चार वाजता आजोबांचा कार्यक्रम होता. ते ज्या कारखान्यात कामाला होते तो बंद पडून खूप वर्षं झाली, पण कारखान्याचा बँड अजून वर्षातून एकदा जमतो. त्यात मधला एक तुकडा एकट्या क्लॅरिनेटचा. तो पहिल्यापासून आजोबांचा. या वर्षी तो दुसऱ्याने वाजवला की पुढच्या वर्षी त्याचाच. आजोबांनी एका निरोपात म्हटलं होतं, "खुर्ची एकदा सोडली की सुटली." ते वाक्य काका मला दोनतीनदा म्हणून दाखवत होते.

डॉक्टर परगावी गेले होते. दवाखाना बंद. जाताना काकांना म्हणाले, "तुम्हीच नेऊन द्या. बसते का बघा." पत्ता त्यांनी काकांच्या फोनवर पाठवला.

काकू शाळेत शिकवतात. सकाळी परीक्षेच्या कामाला जाताना त्या माझ्या दारात आल्या. "तू यांच्याबरोबर जा गं. हे एकटे गेले की लोकांच्या तोंडात बघत बसतात आणि स्टॉप चुकतो."

जाताजाता त्यांनी खाली हाक मारली. "आणि तो स्वतःचा दात आज तरी लावा! भाचीच्या साखरपुड्याला मी खिडकी घेऊन जाणार नाही!"

"आजच लावतो," काका म्हणाले.

मी खाली आले तेव्हा ते जमिनीवर पालथे पडले होते. कपाटाखाली तोंड घालून. स्वतःसाठी केलेला दात हातातून निसटला होता आणि कपाटाखाली गेला होता.

"काका, बस चुकेल."

"आलो, आलो." ते उठले. गुडघे झाडले. कवळीची डबी शर्टाच्या खिशात टाकली. चप्पल घातली. खिसा चाचपला. हाताला डबी लागली. त्यांचं समाधान झालं.

आम्ही बसने शहराच्या पार दुसऱ्या टोकाला गेलो. शेवटचा स्टॉप. वाटेत काकांनी समोरच्या सीटवरच्या बाळाचे दोन दात पाहून घेतले आणि त्याच्या आईला सांगितलं, "सरळ येणार आहेत. काळजी करू नका." ती काळजी करत नव्हती. तेव्हापासून करायला लागली.

उतरल्यावर त्यांनी पँटच्या खिशात हात घातला. मग दुसऱ्या खिशात. मग शर्टाच्या. मग पुन्हा पहिल्या, जणू मधल्या वेळात तो तिथे येऊन बसला असेल.

"कवी," ते म्हणाले, "फोन घरी राहिला."

"माझा आहे ना," मी म्हटलं. मला अजून कळलं नव्हतं.

त्यांचा फोन लावला. वाजत राहिला. म्हणजे घरात मुक्याने चमकत राहिला असणार. काकूंना लावला. परीक्षेच्या खोलीत फोन नेऊ देत नाहीत, बंद. दवाखान्याचा नंबर शोधून काढला. एक गोड आवाज म्हणाला की दवाखाना आज बंद आहे.

"डॉक्टरांचा स्वतःचा नंबर?"

"फोनमध्ये."

"आजोबांचं नाव काय?"

काका माझ्याकडे बघत राहिले. "ते नेहमी म्हणतात, मी क्लॅरिनेटवाला बोलतोय."

"डबीवर?"

"डबीवर दवाखान्याने दिलेला पेशंटचा नंबर असतो. नाव नसतं."

"मग कार्यक्रमाच्या ठिकाणी जाऊ. कुठे आहे?"

"हॉलमध्ये."

"कुठल्या?"

"कवी, मला कळलं असतं तर मी असा उभा असतो का?"

मी फोनवर बँड शोधला, हॉल शोधला. म्हाताऱ्या कामगारांच्या वार्षिक भेटीची दखल कोणी घेतलेली नव्हती. घरी जाऊन परत यायचं तर चार वाजून जाणार होते. माझ्या हातातला फोन पूर्ण चार्ज होता. जगातल्या कोणाशीही बोलता आलं असतं. फक्त त्या एका माणसाशी नाही.

"पत्त्यातलं काही आठवतंय?"

"उतार होता. उतारावरची गल्ली, असं काहीतरी."

त्या भागात सगळ्याच गल्ल्या उतारावर होत्या.

काका एका बाकावर बसले. डबी खिशातून काढून मांडीवर ठेवली. एकदा उघडून बघितली आणि मिटली. "तिकडे तो माणूस घड्याळाकडे बघत बसला असेल," ते म्हणाले. "दात माझ्या खिशात आणि तोंड कुठे आहे पत्ता नाही."

मला हसू आलं. मी ते दाबलं. त्यांनी पाहिलं. ओठच बघतात ते. लपवणार काय?

"हस. तुझे दात चांगले आहेत."

मग ते एकदम उठले. पलीकडे एक गृहस्थ रेलिंगला टेकून फोनवर खदखदून हसत होते.

"माझं काम," काका कुजबुजले.

"कुठलं?"

"वरचा जबडा. डावा सुळा बघ. मी मुद्दाम जरा वाकडा ठेवला होता. खरा वाटावा म्हणून. आपल्याच डॉक्टरांचा पेशंट. याच्याकडे त्यांचा नंबर असणार."

मी अडवेपर्यंत ते तिथे पोचले होते. गृहस्थांनी फोन ठेवला.

"नमस्कार. कशी काय बसली? टोचत नाही ना?"

"काय टोचत नाही?"

"कवळी."

गृहस्थांनी तोंड मिटलं. मग उघडलं. "अहो, हे माझे दात आहेत!"

"अस्सं?"

"माझ्या आईने दिलेले!"

"आईने?" काका आणखी पुढे वाकले. "कमाल आहे. माझ्यापेक्षा बरं काम केलंय."

गृहस्थ चिडावं की खूश व्हावं या पेचात पडले. शेवटी खूश झाले. "तंबाखू नाही, काही नाही," म्हणाले.

"दिसतंय. उजवीकडची मागची दाढ मात्र दाखवून घ्या."

आम्ही निघालो तेव्हा ते जिभेने दाढ चाचपत उभे होते. मी काकांना म्हटलं, "आता आणखी कोणाला भेटायचं नाही."

"त्याचा सुळा इतका वाकडा असायला नको होता," ते म्हणाले. पण त्यांचा आवाज उतरला होता.

आम्ही गल्ल्या पालथ्या घालायला लागलो. मी वाण्याला विचारलं, इस्त्रीवाल्याला विचारलं, एका चष्मेवाल्याला विचारलं. क्लॅरिनेट वाजवणारे आजोबा? वाण्याने बासरी शिकवणाऱ्या बाई सुचवल्या. चष्मेवाला म्हणाला, "वाजवतात तर ऐकू येत असेल की."

तोच घोळ होता. दात आमच्याकडे होते. दात नाहीत तर वाजवणं नाही. वाजवणं नाही तर माणूस सापडत नाही. एरवी महिनाभर ज्या गल्लीत ती धून घुमली असेल, ती आज गप्प होती. सगळ्या गल्ल्या सारख्याच गप्प होत्या.

तिसऱ्या की चौथ्या गल्लीत काका बोलायचे थांबले. हात पाठीमागे बांधले. ते घाबरले की असं करतात. आणि चालता चालता, नकळत, शीळ घालायला लागले.

तीच धून. हळू, चढत चढत. गल्ली अरुंद होती, दोन्ही बाजूंना उंच इमारती. आवाज वर जात होता. मी त्यांना थांबवणार होते. लोक बघत होते. पण काका वरच्या सुरापाशी पोचले आणि नेहमीसारखे तिथेच थांबले. पुन्हा सुरुवातीपासून. पुन्हा तिथेच.

"अहो, पुढचं वाजवा तरी!"

वरून आवाज आला. पहिल्या मजल्याच्या गॅलरीत एक बाई कपडे वाळत घालत होत्या. हातात ओलं फडकं, दातांत चिमटा. चिमटा काढून त्या पुन्हा ओरडल्या.

"महिना झाला, रोज तिथेच येऊन मोडतंय! आमच्या वरचे काय कमी होते, म्हणून तुम्ही रस्त्यावरून सुरू केलंत? शिष्य का त्यांचे?"

काका वर बघत उभे राहिले. तोंड उघडं. खिडकी स्पष्ट दिसत होती.

"तुमच्या वर कोण राहतं?" मी ओरडले.

"कोण म्हणजे? क्लॅरिनेट राहतं!"

मी काकांचा दंड धरला. की त्यांनी माझा धरला. आम्ही जिना चढलो तेव्हा बाई ओले हात पदराला पुसत आमच्या पुढे निघाल्या होत्या. "चार दिवस शांत आहे," त्या म्हणाल्या. "आधी बरं वाटलं. आता झोप लागेना."

आजोबांनी दार उघडलं. उंच, वाकलेले, घरातल्या कपड्यांत. वरचा ओठ आत गेलेला. काकांनी तो पाहिला आणि लगेच ओळखला. माणूस आधी कधी पाहिला नव्हता.

"मी कवळी घेऊन आलोय."

आजोबा दारातच उभे राहिले. बोलणं फुसफुसत येत होतं. "मी निरोप ठेवला होता. सकाळीच. येऊ नका म्हणून."

काकांचा हात खिशातल्या डबीवर गेला.

"मास्तरांनाही सांगितलं. बँडच्या. तो तुकडा माझ्या शेजारच्या पोराला द्या म्हटलं. दोनदा झालं, आता तिसऱ्यांदाही तेच व्हायचं. सगळ्यांसमोर शोभा नको. म्हणून लिहिलं तुम्हाला. उगाच इतक्या लांब." त्यांनी काकांकडे पाहिलं. "तुम्ही वाचलं नाहीत?"

आम्ही शहर ओलांडून आलो होतो, गल्ल्या धुंडाळल्या होत्या, आणि काकांच्या खिशात फोन असता तर आम्ही घरातून निघालोच नसतो. बसमध्येसुद्धा त्यांनी तो पाहिला असता, मान हलवली असती आणि पुढच्या स्टॉपला उतरले असते. ते समोरच्याचं ऐकणारे आहेत. नको म्हटलं की नको.

काकांनी थोडा विचार केला.

"फोन घरी राहिला," ते म्हणाले. "त्यामुळे मला तुमचा निरोप मिळालेला नाही."

"पण मी आता सांगतोय ना."

"आता मी आलोय. हात कुठे धुऊ?"

त्यांनी खूप वेळ हात धुतले. मग आजोबांना खिडकीपाशी खुर्चीत बसवलं. डबी उघडली. "आ करा."

आजोबांनी तोंड उघडलं नाही. त्यांनी गॅलरीवाल्या बाईंकडे पाहिलं.

"करा की," बाई म्हणाल्या. "मी काही दात मोजायला आलेली नाही."

आजोबांनी आ केला. कवळी बसली. त्यांचा चेहरा एकदम भरला. दहा वर्षांनी लहान दिसायला लागले.

"चावा. सोडा. पुन्हा चावा. आता शिव्या द्या."

"काय?"

"शिव्या. फ आणि व नीट येतात का बघायचंय."

आजोबा सभ्य माणूस. त्यांना काही सुचेना. बाई म्हणाल्या, "माझ्या नावाने द्या. मनात देतच असाल."

"फाजील," आजोबा हळूच म्हणाले. मग जरा जोरात, "वाह्यात! फाजील आणि वाह्यात!"

"छान," काका म्हणाले. बाईही "छान" म्हणाल्या.

मग क्लॅरिनेट आलं. आजोबांनी ते जोडलं, चोच ओठांत घेतली. धून सुरू झाली. शिळेत ऐकलेली, भिंतीतून ऐकलेली. चढली. वरच्या सुरापाशी आली.

फिस्स.

आजोबांनी क्लॅरिनेट मांडीवर आडवं ठेवलं. "म्हणून नको म्हणत होतो," ते म्हणाले. रागाने नाही. तेच जास्त वाईट होतं.

काकांच्या कानशिलावरून घाम उतरत होता. त्यांनी हात पुढे केला. "ते बघू जरा."

त्यांनी चोच खिडकीच्या उजेडात धरली. तिरकी केली. इतका वेळ बघत राहिले, की मला वाटलं रडतायत. मग त्यांनी तिच्यावरून बोटाचं नख फिरवलं.

"कवी, इकडे ये. काय दिसतंय?"

चोचीच्या वरच्या अंगाला दोन बारीक खळगे होते. झिजून पडलेले. शेजारी शेजारी. पण सारखे नाहीत. एक खोल, एक उथळ.

"हे तुमचे जुने दात," काका आजोबांना म्हणाले. "खरे. यांनी इतकी वर्षं इथे घर केलंय. तुमचा डावा दात जरा लांब होता ना?"

आजोबांनी ओठावर बोट ठेवलं, जणू तिथे अजून तो असावा. "होता. बायको चिडवायची."

"मला कोणी सांगितलंच नाही. मी दोन्ही सारखे केले. नीटनेटके." काकांनी कपाळाला हात लावला. "तीन कवळ्या केल्या. तीनही नीटनेटक्या. डावा टेकायला जातो, त्याला तळ मिळत नाही. मग कवळी कलते. महिनाभर फोनवर ऐकत बसलो, ऐकत बसलो. हे ऐकू कसं येणार?"

त्यांनी खिशातून पॉलिश पेपरचा तुकडा काढला. कवळी हातात घेतली आणि उजव्या दाताची कड घासायला लागले. थोडी घासायची, चोचीला लावून बघायची. पुन्हा थोडी. घड्याळाचा काटा सरकत होता आणि त्यांच्या हाताला घाई नव्हती. बाईंनी न विचारता सगळ्यांना पाणी दिलं. मी ते प्यायले आणि लगेच पुन्हा तहान लागली.

"आ करा."

आजोबांनी या वेळी लगेच केला.

धून सुरू झाली. चढली. वरचा सूर आला. मी डोळे मिटले.

सूर आला आणि राहिला. लांब, सरळ, जराही न थरथरता. आणि मग धून पुढे गेली. पलीकडे उतरली. तिकडे इतकं काही होतं हे आम्हा कोणालाच माहीत नव्हतं. एक छोटं वळण, मग खालचे जाड सूर, मग परत वर, अगदी सहज, जणू मघाशी तिथे काही अडलंच नव्हतं.

माझा जीव भांड्यात पडला. तो पडल्याचा आवाज मला ऐकू आला असं मी लिहिलं तर काका हसतील.

काका भिंतीला टेकून उभे होते. "असं आहे होय पुढे," ते म्हणाले.

बाईंनी डोळे पुसले आणि लगेच म्हणाल्या, "लावा फोन तुमच्या मास्तरांना."

"आता सांगून झालंय," आजोबा म्हणाले. "पोराला दिलं मी ते. परत कसं मागू?"

"मग मी लावते. माझ्याकडे आहे नंबर."

"तुमच्याकडे कसा?"

"तुमच्या वाजवण्याची तक्रार करायला घेतला होता."

त्यांनी खरंच लावला. आणि सगळ्यांना ऐकू येईल असा ठेवला. मास्तर म्हणाले, "बाई, आज वाजवलं नाहीये त्यांनी, आज कसली तक्रार?" मग बाईंनी खरी गोष्ट सांगितली.

"त्या पोराला सांगितलंय खरं," मास्तर म्हणाले. "पण सकाळपासून तो पाणीसुद्धा पीत नाहीये. घामाघूम झालाय. आजोबांना म्हणावं, लवकर या आणि त्याची सुटका करा."

आजोबांनी कोट चढवला. बटणं वरखाली लागली. बाईंनी ती काढून पुन्हा लावली.

हॉल दोन गल्ल्या सोडून होता. आम्ही त्याच्यावरून आधी दोनदा गेलो होतो. काखेत कळसा. आत आम्ही मागे उभे राहिलो. आजोबा त्यांच्या खुर्चीत बसले. शेजारचं पोर चाळिशीचं होतं, आणि आजोबांना बघून त्याने जो श्वास सोडला तो मागच्या रांगेपर्यंत आला. मधला तुकडा आला. काका ओठांवरच बघत होते. वरच्या सुराला त्यांनी माझा हात इतका घट्ट धरला, की नखं रुतली. सूर न मोडता पुढे गेला. हात सुटला.

टाळ्या वाजत असताना ते म्हणाले, "चल. बस गाठू. पुढचं त्यांचं त्यांना."

परतीच्या बसमध्ये त्यांना झोप लागली. मला लागली नाही. मी फक्त बाहेर बघत होते. एक माणूस नको म्हणतो. त्याचं नको आमच्यापर्यंत पोचत नाही. म्हणून त्याला हवं ते मिळतं. पुस्तकात असं वाचलं असतं तर मी समासात प्रश्नचिन्ह काढलं असतं.

घरी काकू जिन्यातच भेटल्या. "कुठे होता? फोन उचलत नाही, काही नाही! पस्तीस मुलांवर नजर ठेवून आले, आता तुमच्यावर ठेवू?"

"फोन घरीच होता."

"घरात नाहीये. मी सगळं पाहिलं."

काका थांबले. मग न बोलता मागच्या खोलीत गेले आणि जमिनीवर पालथे झाले. हात कपाटाखाली गेला आणि फोन घेऊन बाहेर आला. सकाळी दात शोधायला त्यांनी फोनचा टॉर्च लावला होता. मी बस चुकेल म्हटलं आणि ते तसेच उठले होते. आम्ही शहरभर फिरत होतो तेव्हा तो तिथे कपाटाखाली उजेड पाडत पडला होता. जीव जाईपर्यंत.

काकूंनी तो चार्जिंगला लावला. थोड्या वेळाने तो जागा झाला. निरोप यायला लागले. सगळ्यात वर सकाळचा. काकूंनी वाचून दाखवला. "कृपया येऊ नका. तुम्ही खूप केलंत. आता राहू दे." त्यांनी घाबरून वर पाहिलं. "अहो, हे काय? मग तुम्ही गेलात कुठे?"

"तिथेच," काका म्हणाले. "कवी सांगेल. तिला बोलायला येतं."

मी सांगितलं. काकू मधेच खुर्चीवर बसल्या. शिव्यांचा भाग दोनदा सांगायला लावला. संपल्यावर म्हणाल्या, "बरं झालं. बरं झालं बाई." आणि लगेच, "आणि तुमचा दात? सापडला?"

"बघतो."

"मला दे जरा उजेड," ते मला म्हणाले. मी माझ्या फोनचा टॉर्च लावला आणि त्यांच्या शेजारी जमिनीवर झोपले. कपाटाखाली धूळ होती, मेणाचे तुकडे होते, एक जुनी पेन्सिल होती. आणि दात. भिंतीशी नाही. अलीकडेच, हात घातला की मिळेल असा. पांढरा, छोटा, नीट केलेला.

"तो काय," मी म्हटलं.

"दिसला," काका म्हणाले.

त्यांनी हात घातला नाही. थोडा वेळ आम्ही दोघं तसेच पडून होतो. मग ते कुशीवर वळले, उठले, गुडघे झाडले आणि टेबलापाशी गेले. एक नवीन माप आलं होतं. त्यांनी वाडग्यात प्लास्टर घेतलं, पाणी घातलं आणि कालवता कालवता दातांमधल्या खिडकीतून शीळ घालायला लागले. धून सुरू झाली. वरच्या सुरापाशी आली, थांबली नाही, पलीकडे गेली.

काकू दारात उभ्या राहून ऐकत होत्या.

"मिळाला का दात?" त्यांनी मला हळूच विचारलं.

मी टॉर्च बंद केला.